विट्याहून येणाऱ्या रेघा

रविवारी सकाळी आमच्या साताऱ्याच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, भांडी आपटायची नाहीत, आणि मिक्सर तर बिलकूल लावायचा नाही. आबा सेटवर बसलेले असायचे. सेट म्हणजे गाणी लागतात तो रेडिओ नव्हे. आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यात सिग्नलमध्ये होते, बिनतारी संदेशाच्या कामावर. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, जिन्याखालच्या खोलीत सेट मांडला आणि गच्चीवरच्या टाकीपासून शेजाऱ्यांच्या नारळापर्यंत एक तार ताणली. त्या तारेवर आईने एकदा सतरंजी वाळत घातली होती. त्यावरून जे भांडण झालं ते अजून कुठेतरी चालूच असेल असं मला वाटतं.

सातच्या सुमाराला त्या तारेतून विट्याचे काका यायचे. ते आणि आबा एकाच पलटणीतले, एकाच सेटवर आळीपाळीने ड्यूटी केलेले. आता ते विट्याला होते. मुलगा लांब तमिळनाडूत गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामावर, घरात फक्त काका आणि काकू. हे दोघे मित्र मोर्समध्ये बोलायचे, पितळेची चावी दाबून, टिंब आणि रेघ. अक्षरं इंग्रजी, बोलणं मराठी. आरंभ ठरलेला असे. आबा त्यांना ‘जय भीम’ घालायचे आणि काका आबांना ‘राम राम’. दोघांनी आपापला नमस्कार एकमेकांना देऊन टाकला होता, आणि तो कधी दिला हे दोघांनाही आठवत नव्हतं. मग ऊस, थंडी, गुडघे, पेन्शनच्या बँकेतली रांग. एवढंच. पण तेवढ्या वेळात आबांचा चेहरा असा काही उजळायचा की आई म्हणायची, ‘माझ्याशी बोलताना कवा असं हसला न्हाईत.’

मी तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी जे उत्तर द्यायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. शनिवारी तास संपले की कऱ्हाडमार्गे साताऱ्याची एसटी धरायची. खिडकीशी जागा मिळाली की मला पेंग यायची. बाहेर ऊस, मग मोकळं रान, मग परत ऊस, मधे विजेचे खांब. अर्धवट झोपेत ते सगळं मला टिंब-रेघ वाटायचं. कुणीतरी लांबून काहीतरी सांगतंय, आणि मी उतरण्याआधी ते मला उलगडणार आहे असं. कऱ्हाडला गाडी थांबली की वडेवाला ओरडायचा आणि ते वाक्य अर्ध्यावर सुटायचं.

आबांचे कान जातायत हे आधी आईच्या लक्षात आलं. एका रविवारी ती पोह्यांची बशी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘आवं, ते विट्याचं टिक-टिक मला सैपाकघरात ऐकू येतंय, आन तुमी आवाज येवढा वाढवून, हेडफोन लावून नुसतं बसलाय.’ आबा तिच्यावर खेकसले. पण ती गेल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलले.

‘मला त्याचं मारलेलं कायबी ऐकू येत न्हाई गं आता. वरीस झालं असंल. नुसतं आर-आर मारतो. मिळालं, मिळालं.’

‘मग त्यांना सांगा की.’

‘सांगितलं की त्यो म्हनंल, बरं, मग ऱ्हाऊ दे. बंद कर. लय सरळ गडी हाय त्यो.’ मग हेडफोनची वायर गुंडाळत म्हणाले, ‘मला दुसरं कोन हाय बोलायला?’

घरात आई होती, मी होते. पण मला राग आला नाही. एरवी मला राग यायला काही लागत नाही, तरी आला नाही. पुढच्या महिन्यात कानाचं मशीन लावून पाहिलं. त्याने माणसं थोडी ऐकू यायची, पण खरखरीतून बारीक सूर वेगळा काढणं त्या मशीनला जमत नव्हतं. सूर जाडा करून पाहिला, हेडफोन बदलून पाहिले. मी म्हटलं, ‘आबा, कान गेले तर जाऊ देत. डोळे आहेत ना?’

कॉलेजात आमच्याकडे तेव्हा फोनच्या लाइनवरून चालणारं इंटरनेट होतं. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. तिथे जगभरच्या हौशी लोकांची एक टपाल-यादी, म्हणजे ईमेलची मेलिंग लिस्ट, मला सापडली होती. ही माणसं रेडिओचा आवाज कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात घालत आणि पुढचं काम प्रोग्रामकडून करून घेत. पूर्वी जे सोल्डरने जोडायचं, ती चाळणी, ते गाळणं, ते सगळं आता टाइप करायचं. परदेशातल्या एकाने मोर्स वाचणारा प्रोग्राम लिहून त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. घ्या, मोडा, जोडा, फक्त तुमची दुरुस्ती परत सगळ्यांना द्या. आईला मी सांगितलं, हे विरजणासारखं आहे. शेजारणीकडून आणायचं, आपलं दही लावायचं, आणि उद्या कुणी वाटी घेऊन आलं तर नाही म्हणायचं नाही. आई म्हणाली, ‘मग फुकटात का करतात इतकी शिकलेली मानसं?’

फ्लॉप्यांवर तो प्रोग्राम घेऊन मी साताऱ्याला आले. तिथे मी सुटे भाग जुळवून केलेला एक कॉम्प्युटर हप्त्याने घेऊन ठेवला होता, लिनक्स घातलेला. सेटची तार साउंड कार्डात खोचली, प्रोग्राम चालू केला, आणि पडद्यावर आलं: ई ई ई टी ई ई टी टी ई. मोर्समध्ये एक टिंब म्हणजे ई आणि एक रेघ म्हणजे टी. त्या शहाण्याला नुसत्या खरखरीत अक्षरं दिसत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की पडदाभर ई. म्हणजे गिरणीवाला सकाळी सकाळी आबांशी ई-ई-ई करत होता आणि काका कुठेच नव्हते.

मग माझे कितीतरी शनिवार-रविवार त्यात गेले. आधी घुं असा एक आवाज सगळ्यावर पसरलेला असायचा, विजेच्या लाइनचा. जुन्या ट्रान्झिस्टरमधला एक चिमुकला ट्रान्स्फॉर्मर काढून सेट आणि कार्ड यांच्या मधे घातला, तेव्हा तो गेला. मग लक्षात आलं की कॉम्प्युटर डिस्कवर काही लिहायला लागला की आवाजाचे तुकडे गळतात, रेघेची दोन टिंबं होतात. मी कार्डाला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या. आबा मागून म्हणाले, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’ खरंच अंगण वाकडं नव्हतं. आवाज साठवायची जागा मी फार छोटी ठेवली होती. ती वाढवली, आणि गळती थांबली. शेवटी गाळणीचा भाग मी स्वतः नव्याने लिहिला. नेमका काकांचा सूर घ्यायचा, त्याच्या वरचं नको, खालचं नको. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तिथपासून सगळं परत कंपाइल करायला लावून मी गच्चीवर जाऊन पडायचे. समोर अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले, खाली आईच्या बांगड्यांचा आवाज, आणि कॉम्प्युटर आपलं आपण काहीतरी शिजवत बसलेला. इतकं निवांत मला नंतर कधी वाटलं नाही.

एका रविवारी अक्षरं आली. एकामागून एक, सरळ, स्वच्छ: राम राम. काल दोन थेंब पडले. गुडघा बरा. मी आबांकडे पाहिलं. म्हटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे येईल. आबा पडद्याकडे पाहत राहिले, उत्तर पाठवलं, सेट बंद केला आणि म्हणाले, ‘बोलनं त्याचं हाय. पर त्यो कुठं हाय ह्यात?’

‘म्हणजे?’

‘अगं, हात. प्रत्येक गड्याचा हात येगळा असतोय. त्याची शेवटची रेघ बसती जरा. म्हातारं मानूस उंबऱ्यावर टेकतं तशी. आर मारताना त्यो मधी श्वास घेतो. हे तर छापलेलं हाय. हे कुनीबी मारंल.’

मी भडकले. इतके आठवडे डोकं फोडून घेतलं त्याचं हे बक्षीस. ‘आबा, तुम्हाला देवानं कान काढून घेतले, जीभ मात्र शाबूत ठेवली,’ असं म्हणून मी जेवायच्या आधीच सांगलीची गाडी धरली. पण एसटीत बसल्यावर मला ते पटलं. प्रोग्राम सरासरी काढत होता. रेघ जरा लांब असली काय, तोकडी असली काय, तो तिला मापात बसवून अक्षर करायचा. माणसाचं जे जास्तीचं असतं तेच तो छाटत होता.

म्हणून मी दुसरं लिहिलं. अक्षरं खाली राहू देत, पण वर एक पट्टी. सूर जितका वेळ वाजला तितकी लांब हिरवी रेघ, जशी आली तशी, काहीही नीटनेटकं न करता, उजवीकडून डावीकडे सरकत जाणारी. ही दुरुस्ती मी यादीवर पाठवली. मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याने विचारलं, हे ओबडधोबड कशाला दाखवायचं, इतक्या कष्टाने तर ते गुळगुळीत केलं. मी त्याला लिहिलं, माझ्या वडिलांना त्यांच्या मित्राचा हात बघायचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती घेतली. वर लिहिलं होतं, मला हे आधी सुचायला हवं होतं.

तो रविवार मला फार मऊ उजेडात आठवतो. खिडकीतून धुकं आत आल्यासारखं, सेटची खरखर म्हणजे लांब कुठेतरी पाऊस पडतोय तशी, आणि पडद्यावर हिरव्या रेघा हळूहळू वाहत निघालेल्या. मी त्यांच्याकडे बघत बघत जवळजवळ झोपले होते. आबा खुर्चीत पुढे सरकले. पट्टी सरकत होती, राम राम झालं, ऊस झाला, थंडी झाली. आबांनी हळूच चष्मा काढून पुसला, परत घातला.

‘ह्यो त्यो न्हवं,’ ते म्हणाले.

‘कोण नव्हे?’

‘कोन हाय मला काय ठावं. पर ह्यो माझा गडी न्हवं.’

मी नीट पाहिलं. मला मोर्स जेमतेम यायचं, पण रेघा दिसत होत्या. एक तोकडी, एक जास्त लांब, टिंबं एकमेकांना चिकटलेली. शेवटची रेघ कुठेही बसत नव्हती. चट्‌कन तुटत होती. आबांनी उत्तर पाठवलं, पण परक्या माणसाला पाठवावं तसं, दोन शब्दांचं.

सेट बंद झाल्यावर ते म्हणाले, ‘त्यो गेला असंल. आन मला बरं वाटावं म्हनून कोनीतरी बसत असंल त्याच्या जागी. मला तर ऐकू येत न्हवतं. कधी बदललं कुनाला म्हाईत.’

‘विट्याला जाऊन येऊ की आबा. किती लांब आहे?’

‘नको.’

‘अहो, पण विचारा तरी.’

‘इचारलं की खरं हुतंय.’ एवढं बोलून ते गच्चीवर गेले आणि दुपारपर्यंत खाली आले नाहीत. काकांच्या घरी फोन नव्हता.

मी आबांना म्हटलं, माझ्या प्रोग्राममध्येच चूक असणार. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की माझ्या कामात चूक निघू दे. मोठी निघू दे, लाज वाटेल अशी निघू दे. त्या आठवड्यात सांगलीला मी मुलांना काय शिकवलं मला आठवत नाही. खोलीवर बसून कोडची एकेक ओळ वाचली. हळदीच्या दिवसांत आमच्या रस्त्यावर वास असायचा, त्या वासात बसून मी रेघांची लांबी मोजणाऱ्या घड्याळाचा हिशोब परत परत केला. वाटायचं, कार्डाचा वेग अडखळत असेल, म्हणून रेघा वाकड्या. वाटायचं, सूर मधेच विरत असेल हवेत. यादीवरही विचारलं. लोकांनी चांगली उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तराने माझी एकेक आशा काढून घेतली.

शनिवारी मी आबांना म्हटलं, तुम्ही चावी मारा, सेटशिवाय, सरळ कार्डात. त्यांनी मारली. रेघा आल्या, एकसारख्या, जरा उद्धट, अगदी त्यांच्या चालण्यासारख्या. आबांनी त्या आरशात बघावं तशा बघितल्या. ‘व्हय, ह्यो मीच,’ म्हणाले. मग मला कॅसेट आठवली. खूप वर्षांपूर्वी गंमत म्हणून आबांनी काकांशी झालेलं एक बोलणं टेप केलं होतं. ट्रंकेतून ती काढली. अर्ध्या कॅसेटवर आईने शेजारणींची हळदीकुंकवाची गाणी भरून ठेवली होती, पण उरलेल्या भागात काका होते. टेप कार्डाला जोडला. पट्टीवर रेघा आल्या, आणि प्रत्येक शब्दाची शेवटची रेघ लांबत, सावकाश, खरोखर म्हातारं माणूस टेकावं तशी बसत होती.

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. मी टेबलावर डोकं टेकून रडले. आबा माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बरं केलंस गं. चांगलं केलंस काम.’ ते कौतुक मला नको होतं.

रविवारी सात वाजता आबा नेहमीसारखे बसले. मला वाटलं होतं बसणार नाहीत. विट्याहून राम राम आलं, तसंच वाकडं. आबांनी जय भीम घातला नाही. चावीवर हात ठेवून त्यांनी सरळ विचारलं. मी त्यांचा हात पाहत होते, तरी काय विचारलं ते मला खालच्या अक्षरांवरूनच कळलं. कोण आहे तिथं.

पट्टी रिकामी सरकू लागली. काळी, नुसती काळी, मधे गिरणीचे एकदोन ठिपके. आई दारात येऊन उभी होती. तिलाही काहीतरी समजलं असावं, तिने बशी खाली ठेवली नाही.

मग रेघा आल्या. फार हळू, एकेक अक्षर ओढून आणल्यासारखं. खाली प्रोग्राम काहीबाही लिहीत होता, त्याला ते मापात बसवता येत नव्हतं. पण आबा वर बघून वाचत होते, मोठ्याने, कॅम्पात संदेश वाचून दाखवावा तसे.

‘मीच हाय. दिवाळीच्या आधी उजवी बाजू गेली. हात चालत न्हाई. तोंडबी वाकडं. डाव्या हातानं मारतोय.’ आबा थांबले. पट्टीकडे अजून वाकले. ‘तुला सांगितलं न्हाई. म्हटलं, तू म्हनशील ऱ्हाऊ दे. बंद कर.’

आबांनी तोंड पुसलं. मग त्यांनी पाठवलं, आणि पाठवताना ते स्वतःशी तेच पुटपुटत होते, ‘मला ऐकू येत न्हाई. वरीस उलटून गेलं. पोरीनं मशीन केलंय, त्यात बघून वाचतोय. मीबी म्हटलं, तू बंद करशील.’

पलीकडून चार टिंबं, दोन टिंबं. चार टिंबं, दोन टिंबं. मी विचारलं हे काय. आबा म्हणाले, ‘हसतोय गं. सेटवरची मानसं अशी हसत्यात.’ आणि आबाही हसायला लागले, हसता हसता त्यांचं नाक वाहायला लागलं, आईने पदर पुढे केला.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला आधी कळलीच नाही. चावीची लाकडी पाटी उचलली, सेटच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली, खुर्ची सरकवली, आणि डावा हात चावीवर ठेवून मारायला लागले. इतक्या वर्षांचा सिग्नलचा माणूस, आणि पहिलीतल्या पोराने पाटीवर अक्षर गिरवावं तसा चुकत होता. टिंब मारायला जायचे आणि रेघ व्हायची. त्यांना स्वतःचाच राग येत होता, पण हात बदलत नव्हते.

काकांनी विचारलं, तुझ्या हाताला काय झालं.

आबा डाव्या हातानेच उत्तर मारू लागले. पट्टीवर त्यांच्या वाकड्या रेघा काकांच्या वाकड्या रेघांच्या मागोमाग निघाल्या, आणि आता त्या मलाही वाचता येत होत्या, कारण त्या फारच सावकाश येत होत्या.

‘काय न्हाई. तुझ्या पावलाला पाऊल जुळवतोय.’